काडी पैलवानाच्या कमरेला

अंगावर मांस नसलेल्या माणसाला लपवाछपवी जमत नाही. खिशात पाकीट ठेवलं तर त्याचे चारही कोपरे बाहेरून मोजता येतात, फोन ठेवला तर मांडीवर चौकोन उठतो. माझी कंबर अठ्ठावीस इंच. शाळेत असल्यापासून 'काडी पैलवान' ऐकत आलोय आणि पन्नाशीकडे झुकतानाही त्या पदवीवरचा माझा हक्क शाबूत आहे. अशा माणसाने टेक्सासात राहून, रीतसर परवाना काढून, शर्टाखाली पिस्तूल बाळगायचं ठरवलं. मग ते ठेवायचं कुठे आणि कशात, हा प्रश्न पिस्तूल कुठलं घ्यायचं यापेक्षा मोठा निघाला.

पिस्तूल मुळात का, हा वाद इथे काढत नाही. आमच्या घराण्यात विळी-कोयत्यापलीकडे शस्त्र गेलेलं नाही. घरात या विषयावर भरपूर बोलणं झालंय, अजूनही होतं, आणि बायकोचे मुद्दे माझ्यापेक्षा कमी वजनाचे नाहीत. एक मात्र इथल्या मराठी मित्रांसाठी सांगून ठेवतो, कारण हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं: एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक बाळगायला सरसकट मनाई आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर मित्राची हातात घेऊन बघण्याआधीसुद्धा वकिलाला विचारावं. ग्रीन कार्डवाल्यांची आणि नागरिकांची गोष्ट वेगळी.

परवान्याची परीक्षा टेक्सासात अशी: पन्नास गोळ्या, तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून, अडीचशेपैकी पावणेदोनशे गुण मिळाले की पास. वर्गात कायदा शिकवतात, भांडण टाळायला शिकवतात, ते चांगलंच आहे. पण पिस्तूल होल्स्टरमधून, म्हणजे कमरेला अडकवायच्या त्याच्या म्यानातून, काढून दाखव, परत ठेवून दाखव, असं त्या परीक्षेत कुणी म्हणत नाही. १ सप्टेंबर २०२१ पासून तर एकवीस वर्षांवरच्या पात्र माणसाला या राज्यात परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं. म्हणजे कमरेला काय अडकवलंय हे बघणारं कुणीच नाही. ज्याची त्याची कंबर, ज्याचा त्याचा जीव.

आमच्यासारख्यांना पहिला सल्ला हमखास मिळतो तो 'सगळ्यात छोटं घे' हा. तो अर्धाच बरोबर आहे. जाडीच्या बाबतीत बरोबर: २०१८ साली आलेलं सिग कंपनीचं पी३६५ हे पिस्तूल जेमतेम एक इंच रुंदीचं आणि तरी मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीत, दहा गोळ्या घेणारं. ते आल्यावर बारक्या माणसांची मोठीच सोय झाली, पाठोपाठ इतरांनीही तसली पिस्तुलं काढली. पण लांबीच्या बाबतीत हा सल्ला फसवा आहे. पिस्तुलाची नळी पँटच्या आत उभी उतरते, ती कुणाला दिसत नाही, मग ती तीन इंचांची असो की चार. दिसते ती मूठ. ती पट्ट्याच्या वर, आडवी, शर्टाला ढोसत बाहेर येते. आखूड नळीचं पिस्तूल आखूड होल्स्टरमध्ये घातलं की सगळं वजन पट्ट्याच्या वर राहतं, खाली आधाराला काही नसतं, आणि मूठ पोटापासून सुटून बाहेरच्या बाजूला कलते. पोट सुटलेल्या माणसाला निदान त्या पोटाचा टेकू मिळतो. आमचं पोट सपाट, किंबहुना आत गेलेलं. म्हणून पिस्तूल आखूड असलं तरी होल्स्टर खाली इंचभर लांब घ्यावं. तो जास्तीचा भाग आतून जांघेच्या वर टेकतो आणि मूठ अंगाकडे ढकलतो. मी हे आधी कुणाच्या तोंडून ऐकलं असतं तर हसलो असतो.

पण हे सगळं लपवण्याचं झालं, आणि लपवणं हे होल्स्टरचं पहिलं काम नाहीच. पहिलं काम चाप झाकणं. आजच्या बहुतेक पिस्तुलांना बाहेरून सेफ्टीचा खटका नसतो. ग्लॉक कंपनीच्या पिस्तुलाचं उदाहरण घ्या: आत तीन सेफ्टी आहेत, पिस्तूल हातातून पडलं तरी उडणार नाही अशी व्यवस्था आहे, पण चाप ओढला गेला की तिन्ही आपोआप बाजूला होतात, कारण त्या त्यासाठीच बनवलेल्या आहेत. साधारण अडीच किलोचा जोर आणि अर्धा इंच हालचाल, एवढंच अंतर मधे आहे. तो जोर बोटाने दिला, शर्टाच्या टोकाने दिला की जॅकेटच्या नाडीला लावलेल्या प्लास्टिकच्या मण्याने दिला, यंत्राला फरक कळत नाही. कमरेला लावलेल्या पिस्तुलापुरता खरा सेफ्टीचा खटका म्हणजे होल्स्टरच.

नेमकी इथेच सडपातळ माणसाला भुरळ पडते. कडक होल्स्टर हाडाला टोचतं, जाडी वाढवतं. दुकानात शेजारीच कापडाचं, इलॅस्टिकचं, मऊ चामड्याचं काहीतरी टांगलेलं असतं, मोज्याइतकं पातळ, 'सगळ्या पिस्तुलांना चालेल' असं लिहिलेलं. हातात घेतलं की वाटतं, हे आपल्यासाठीच केलंय. मी असल्या वस्तूंना होल्स्टर म्हणायला तयार नाही, ती पिशवी आहे. पारखायची रीत सोपी आहे. पिस्तूल रिकामं करायचं, मॅगझिन काढायचं, चेंबर, म्हणजे नळीच्या मागची गोळी बसायची जागा, डोळ्यांनी बघायचा आणि करंगळी घालून चाचपायचा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून यायच्या. मग ते रिकामं पिस्तूल होल्स्टरमध्ये घालून बाहेरून, जिथे चाप असेल तिथे, अंगठ्याने दाबायचं. कापडातून चाप बोटाला लागला, जरा जरी हलला, तर तो विषय तिथेच संपवावा. कितीही मऊ असो, कितीही लपत असो. गर्दीत टेबलाचा कोपरा, गाडीच्या सीटबेल्टचं बक्कल, कडेवर घेतलेल्या मुलाचा गुडघा, यांपैकी कुणीही तोच अंगठा होऊ शकतो.

दुसरी पारख तोंडाची. पिस्तूल बाहेर काढल्यावर होल्स्टरचं तोंड उघडंच राहायला हवं. मिटलं, तर परत घालताना दुसऱ्या हाताने ते उघडून धरावं लागतं, आणि तेव्हा नळीचं टोक आपल्याच बोटांवरून जातं. चामड्याचं होल्स्टर मुळात वाईट नाही. घोड्याच्या कातड्याचं, तोंडाला पोलादी पट्टी शिवलेलं, पिस्तुलाच्या मापावर बसवलेलं चामडं वर्षानुवर्षं उत्तम काम देतं. पण घामाने आणि वापराने ते लोळागोळा झालं की त्याची कड आत दुमडते, आणि पिस्तूल खाली सरकताना तीच दुमड ट्रिगर गार्डमध्ये, म्हणजे चापाभोवतीच्या कड्यात, शिरून चापावर बसते. जुनं चामडं लाडकं होतं हे मला समजतं, पण लाड जोड्यांचे करावेत.

मी स्वतः कायडेक्सवर येऊन थांबलो. कायडेक्स हा एक कडक प्लास्टिकचा पत्रा. तापवून मऊ करतात आणि पिस्तुलाच्या साच्यावर दाबून बसवतात, गार झाला की तोच आकार धरून ठेवतो. रिकामं पिस्तूल त्यात सोडलं की शेवटच्या अर्ध्या इंचात थोडा अडथळा येतो आणि मग स्पष्ट 'टक्' ऐकू येतं. ट्रिगर गार्डच्या पुढच्या कडेला पत्र्यात एक बारीकशी खोलगट जागा असते, तिथे ते बसतं. तो आवाज कानाला नाही आला तरी तळव्याला कळतो. होल्स्टर उलटं करून पलंगावर धरून हलवलं तरी पिस्तूल पडता कामा नये. घट्टपणा कमीजास्त करायला ट्रिगर गार्डजवळ एक स्क्रू असतो, त्याच्या आत रबराची चकती. हे स्क्रू चालण्याबसण्याच्या धक्क्यांनी सैल होतात. ते बसवताना लॉकटाइटचा, म्हणजे स्क्रू धरून ठेवणाऱ्या गोंदाचा, एक थेंब लावावा आणि अधूनमधून हात फिरवावा. होल्स्टर पट्ट्याला धरून ठेवणाऱ्या क्लिपचा स्क्रू गळून पडला तर पिस्तूल काढताना अख्खं होल्स्टर हातात येतं, आणि मग चाप कुठे आहे, टोक कुठे आहे, सगळाच घोळ.

होल्स्टर त्याच मॉडेलचं हवं हे सांगायला नको, पण टॉर्च लावलेल्या पिस्तुलाबद्दल सांगायला हवं. नळीखाली टॉर्च असली की ती आत जाण्याएवढं होल्स्टर रुंद करावं लागतं आणि ट्रिगर गार्डच्या बाजूने फट राहते. काही होल्स्टरांत ती एवढी असते की वरून बघितलं तर चाप दिसतो. दिसतो तिथे पोचताही येतं. माझ्या कमरेला टॉर्चची जाडी परवडण्यासारखी नव्हतीच, त्यामुळे माझा निर्णय सोपा झाला.

आता जागा. घड्याळाच्या काट्यांवरून बोलायची इथे पद्धत आहे: बेंबी म्हणजे बारा, उजवा कुल्ला म्हणजे तीन. जाडजूड माणसं साडेतीन-चारला ठेवतात, कुल्ल्याच्या मागे, तिथे त्यांच्या पाठीला एक सोयीस्कर खळगा असतो. माझ्याकडे तिथे हाड आहे. शिवाय वाकलो की शर्ट पाठीवर ताणला जातो आणि मूठ उठून दिसते. समोर, बारा ते एकच्या मधे, म्हणजे ॲपेंडिक्सच्या जागी, सडपातळ माणसाचं पिस्तूल सगळ्यात छान लपतं. तिथे शर्ट छातीवरून सरळ खाली सुटतो, पोटाला टेकत नाही. पट्ट्याचं बक्कल मात्र डावीकडे सरकवावं, नाहीतर बक्कल आणि पिस्तूल एकावर एक येऊन भलताच फुगवटा होतो.

पण त्या जागी नळीचं टोक कुठे बघतं, हे न बोलता पुढे जाणं बेइमानी होईल. ते मांडीच्या मुळाशी बघतं, जिथून फेमोरल ही मोठी रोहिणी जाते. तिथे गोळी लागली तर हातात मिनिटं असतात. जेफ कूपर यांनी, ज्यांनी १९७६ साली ॲरिझोनात गनसाइट ही नेमबाजीची शाळा काढली, चार नियम रूढ केले: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा, जे नष्ट व्हायला नको त्याच्यावर नळी रोखू नका, नेम लागेपर्यंत चापावर बोट नको, आणि लक्ष्याची व त्याच्या मागे काय आहे याची खात्री करा. ॲपेंडिक्सला पिस्तूल ठेवणारा माणूस दुसऱ्या नियमाशी दिवसभर सलगी करत असतो. तो नियम मोडत नाही असं आपण म्हणू शकतो ते एवढ्याच बळावर, की चापापर्यंत काहीही पोचू शकत नाही. मऊ पिशवीत घालून ही जागा वापरणाऱ्यांना मी दुरून नमस्कार करतो.

धोका असतो तो मुख्यतः पिस्तूल परत ठेवताना. काढायची घाई असू शकते, ठेवायची कधीच नसते. सकाळी मी पिस्तूल होल्स्टरमध्ये आधीच बसवून, मग ते अख्खं होल्स्टर पँटमध्ये सरकवतो. रात्रीही तसंच अख्खं काढतो आणि तिजोरीत ठेवतो. त्यामुळे भरलेलं पिस्तूल कमरेतल्या होल्स्टरमध्ये ढकलण्याची वेळ सरावाबाहेर जवळपास येतच नाही. सरावात आमची प्रशिक्षिका, निवृत्त पोलीस बाई, सावकाशपणाच्या बाबतीत एकही सवलत देत नाहीत. डाव्या मुठीत शर्ट छातीपर्यंत वर ओढून धरायचा, कंबर पुढे काढायची म्हणजे टोक अंगापासून दूर जातं, मान खाली घालून होल्स्टरचं तोंड डोळ्यांनी बघायचं, आणि मग हळू. "मान खाली घालायची लाज वाटते का?" त्या एका पोराला म्हणाल्या. "इथे बघणारं कुणी नाही. खाली बघ." आत सरकताना कुठे अडलं तर जोर लावायचा नाही. थांबायचं, बाहेर काढायचं, काय अडलं ते बघायचं.

लपवण्याची कामं मग उरलेल्या सामानाने करायची. होल्स्टरच्या कडेला क्लॉ नावाचा अंगठ्याएवढा प्लास्टिकचा पंख लावतात. पट्टा त्याला आत रेटतो आणि मूठ पोटाकडे वळते. त्या चिमुकल्या तुकड्याने माझं जेवढं भलं केलं तेवढं कुठल्याही महागड्या शर्टाने केलं नाही. खाली, नळीच्या टोकाजवळ, फोमचं वेज, म्हणजे पाचरीसारखा तुकडा, चिकटवलं की टोक अंगापासून बाहेर जातं आणि मूठ आत येते, शिवाय हाडावरचा रट्टा मऊ होतो. सडपातळ माणसाला मोठं वेज बसल्यावर टोचतं, म्हणून पातळ घेऊन वाढवत जावं. पट्टा ताठ हवा, आणि भोकांचा नको. दोन भोकांमधलं अंतर इंचभर असतं. बारीक कमरेला एका भोकात पिस्तूल लोंबकळतं आणि पुढच्या भोकात जेवण उतरत नाही. बारीक दात्यांचा किंवा वेल्क्रोचा पट्टा घेतल्यापासून मी दुपारचा माणसासारखा जेवतो. पँट नेहमीपेक्षा इंच-दीड इंच मोठी.

शर्टाबद्दल सगळ्यांचा एकच गैरसमज: ढगळ घाल म्हणजे झालं. ढगळ शर्ट आमच्या अंगावर खुंटीवर अडकवल्यासारखा लोंबतो आणि जिथे उंचवटा सापडेल तिथे चिकटून त्याचा नकाशा काढतो. त्यापेक्षा मापाचा, जरा जाड कापडाचा, चौकड्यांचा बरा. चौकड्यांत डोळा हरवतो. कुर्ता लपवायला उत्तम, यात वादच नाही. पण लेंग्याला पट्टा नसतो, आणि नाडीच्या भरवशावर पिस्तूल सोडणारा माणूस माझ्या ओळखीत नसलेला बरा. तसंही गणपतीचा कार्यक्रम बऱ्याच गावांत शाळेच्या सभागृहात असतो, आणि शाळेच्या इमारतीत टेक्सासात पिस्तूल नेणं गुन्हा आहे. पोस्टातही चालत नाही. अशा दिवशी ते घरच्या तिजोरीत राहतं. गाडीच्या डॅशबोर्डात ठेवलेली पिस्तुलं चोरीला जातात, म्हणून तो पर्याय मी मोजतच नाही.

सार्वजनिक स्वच्छतागृह हा विषय सभ्य माणसं टाळतात, पण टाळू नये. आत गेल्यावर पिस्तूल दाराच्या खुंटीवर लटकवणारे आणि टाकीवर ठेवून विसरून येणारे लोक खरोखर असतात. ते होल्स्टरमध्येच, होल्स्टर पँटमध्येच, आणि पट्टा गुडघ्यांच्या वर ताणून धरलेला असावा, म्हणजे शेजारच्या फटीतून दिसत नाही. हे वाचायला जितकं ओशाळवाणं आहे तितकंच करायलाही आहे.

बायको माझ्याहून बारीक. तिला पिस्तूल बाळगायचंच आहे की नाही हे तिचं ठरलेलं नाही, पण नेमबाजी तिची माझ्यापेक्षा सरस आहे. बायकांना या बाबतीत मिळणारा सल्ला ऐकला की माझं डोकं सटकतं: तुमच्या कपड्यांत कुठे ठेवणार, पर्समध्ये ठेवा. ३० डिसेंबर २०१४ ला आयडाहोतल्या हेडन गावी एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाचा हात आईच्या पर्समध्ये गेला आणि गोळी सुटून आई जागच्या जागी गेली. ती पर्स पिस्तूल ठेवण्यासाठीच बनवलेली होती, त्यासाठीचा वेगळा चेनचा कप्पा असलेली. पर्स खुर्चीला अडकवली जाते, ट्रॉलीत ठेवली जाते, हिसकावली जाते. अंगावरच्या पिस्तुलावर निदान आपलं अंग असतं. हल्ली पट्ट्याच्या पँटशिवाय वापरता येणाऱ्या चौकटी मिळतात: कमरेभोवती वेगळा पातळ पट्टा, त्याच्या पट्टीवर कडक कायडेक्स, वर लेगिंग घाला की साडी नेसा. बायकोने ती चौकट निळं प्लास्टिकचं खोटं पिस्तूल घालून दिवसभर घरात वापरून पाहिली. पोळ्या लाटताना टोचते, असा शेरा मिळाला. मग म्हणाली, "तुला इतके दिवस टोचत नव्हतं का रे?" टोचत होतं. आताही लांबच्या ड्राइव्हला टोचतं. पूर्ण सुखाचं होल्स्टर आमच्या हाडांना मिळायचं नाही. कुठे थोडं सोसायचं हेच काय ते निवडायचं, आणि चाप झाकणारा पत्रा सोडून बाकी कशातही तडजोड करता येते.

नव्याने घेणाऱ्याने खर्चाचा क्रम उलटा लावावा असं मला वाटतं: आधी ताठ पट्टा, मग होल्स्टर, मग निळं खोटं पिस्तूल, आणि एखाद्या वर्गाची फी. नेमबाजीच्या बऱ्याच रेंजवर होल्स्टरमधून पिस्तूल काढून गोळी झाडायला परवानगीच नसते, विम्याची भानगड असते. म्हणून काढणं-ठेवणं शिकवणारा वर्ग मुद्दाम शोधावा लागतो. तिथे पहिल्याच दिवशी तुमच्या कमरेला मऊ पिशवी दिसली तर चांगला प्रशिक्षक तुम्हाला गोळी झाडायच्या रेषेवर उभं राहू देणार नाही. आमच्या बाईंच्या टेबलाखाली अशांसाठी उसन्या होल्स्टरांचं एक खोकं कायम असतं.